अल कुसैसच्या फ्लॅटमधली भट्टी

माझ्या नोकरीतलं ते प्रकरण आठवलं की अजूनही हसू येतं. मी मूळचा रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. विशीत अमिरातीत आलो, इथल्या पोलीस दलात लागलो आणि ‘वकील’ या हुद्द्यावरून निवृत्त झालो. अरबीत वकील म्हणजे साधारण आपल्याकडच्या जमादारासारखा. गावाकडे मात्र लोक वर्षानुवर्षं समजत होते की मी कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो.

दुबईत अल कुसैसमधल्या एका इमारतीच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, ठाण्यात येऊन खबर दिली. एका मजल्यावरच्या कचऱ्यात त्याला फुटलेली काचेची नळी सापडली होती. त्याच मजल्यावरच्या एका भारतीय कुटुंबाच्या फ्लॅटमधून दुपारी कसलातरी उग्र वास यायचा आणि फक्त म्हातारी बाई घरात एकटी असताना यायचा. “साहब, अंदर भट्टी है,” तो म्हणाला. खोटं बोलणारा माणूस खबर रंगवून सांगतो. हा बिचारा एवढंच बोलला आणि घाम पुसत उभा राहिला.

नुसती काचेची उपकरणं घरात सापडली म्हणून आम्ही कुणाला गुन्हेगार ठरवत नसू. पण त्यांत काय उकळलं जातं, हे तपासणं भाग असतं. घरी दारू गाळणं हा सरळ गुन्हा, आणि परदेशी माणसाच्या बाबतीत हद्दपारीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. आम्ही झडतीची रीतसर परवानगी घेतली. आमचा तरुण एमिराती लेफ्टनंट, एक महिला पोलीस आणि मी, असे तिघं संध्याकाळी त्या घरी गेलो.

दार म्हातारीच्या मुलानं उघडलं. नुकताच ऑफिसमधून आलेला, गळ्यात अजून ओळखपत्र. मागे त्याची बायको, सातव्या महिन्यातली. आणि सोफ्यावर ताठ बसलेली त्याची आई, डोळ्यांवर जाड चष्मा.

मुलगा अगदी मोकळेपणानं म्हणाला, “सर, प्लीज चेक. वी हॅव नथिंग.”

बाल्कनीतल्या सूटकेसमध्ये साड्यांत गुंडाळलेले दोन फ्लास्क, कंडेन्सर, रबरी नळ्या आणि स्टँड निघाला. कॉटखाली काचेची मोठी बरणी होती. तिच्यात पिवळसर पाण्यात काहीतरी भिजत घातलेलं. लेफ्टनंटनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मलाही वाटलं, हे फसले.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, हे काय आहे? अगं, व्हिसा कॅन्सल होईल, माझा जॉब जाईल! बोल ना काहीतरी!”

आई गप्प. मी हिंदीत विचारलं, सामान कुणाचं? “माझं.” कुठून आणलं? “पुण्याहून.” कशासाठी? पुन्हा गप्प. सून भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी. म्हातारीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली.

तिथे मला शंका आली. पकडला गेलेला माणूस पोलिसाकडे बघतो, दाराकडे बघतो. ही बाई फक्त सुनेची नजर चुकवत होती.

मी मुलाला आणि सुनेला आतल्या खोलीत जायला सांगितलं आणि महिला पोलिसाला जवळ बसवलं. मग मराठीत म्हणालो, “आता सांगा. मी रत्नागिरीचा आहे.”

त्या दचकल्या. “अरे देवा! मग आधी सांगायचं नाही का?” पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, “मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, साहेब. दारूबिरू काही नाही. ते सुरंगी आहे.”

“काय?”

“सुरंगीची सुकी फुलं. सून वेंगुर्ल्याची आहे. डोहाळे लागलेत तिला, जेवणाखाण्याचे नाही, वासाचे. मी पुण्यात असताना फोनवर मागून ऐकू आलं, नवऱ्याला सांगत होती, आई केसांत माळायची त्या सुरंगीच्या वळेसराचा वास एकदा यावा. आता इथे ताजी फुलं कुठून आणणार? म्हटलं, सुकी फुलं घेऊन जाऊ, अर्क काढून बघू. पाण्याच्या वाफेवर निघतो.”

“मग लपवलंत कशाला?”

आतल्या खोलीचं दार लागलंय ना, ते त्यांनी आधी पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आमचं दोघींचं फारसं जमत नाही. लग्नाला मीच विरोध केला होता. जमला असता अर्क, तर डोहाळेजेवणाला गुपचूप तिच्या पुढ्यात ठेवला असता. नसता जमला, तर कुणाला कळायलाच नको होतं.”

त्यांनी कपाटातल्या शालीच्या घडीतून बोटाएवढी बाटली काढून माझ्या हातात दिली. मी बूच काढलं आणि उभ्या उभ्या माझ्या गावी पोहोचलो. आमच्या घरामागे सुरंगीचं झाड होतं. माझी अम्मी कळ्या उमलायच्या आत काढून आणायची.

लेफ्टनंटनं अरबीत विचारलं, “दारू?”

“नाही सर, अत्तर.”

त्यानं बाटली नाकाशी धरली. इथल्या माणसाला सुगंधाचं काही शिकवावं लागत नाही. तो हसला. “माझी आजी घरी धूप बनवते. कृती माझ्या आईलासुद्धा सांगत नाही! पण हबीबी, लॅबच्या रिपोर्टशिवाय प्रकरण खलास म्हणता येणार नाही.”

ते बरोबरच होतं. आम्ही सामान सील करायला घेतलं. पंचनाम्यात ‘मोठी बाटली’ लिहितोय, असं मी सांगितल्यावर बाई पुढे सरकल्या. “बाटली काय? गोल बुडाचा फ्लास्क लिहा. आणि उभा ठेवू नका, गडगडेल.”

मी म्हणालो, “बाई, आता मुलांना तुम्ही सांगता की मी सांगू? ती पोर आत रडतेय.”

त्यांनी पदर सारखा केला, दार उघडलं, बाटली सुनेच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, “बघ गं, जमलंय का.”

सुनेनं वास घेतला. ती खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. “आई, थोडासा करपलाय. पण तोच आहे.”

“करपलाय ना? मलाही वाटलंच. आच जास्त झाली,” बाई म्हणाल्या. मुलगा दोघींकडे बघतच राहिला. बाटली मात्र मला परत मागून घ्यावी लागली. पुराव्यातली होती.

रिपोर्ट स्वच्छ आला. घरात पुन्हा असं काही उकळणार नाही, अशी लेखी हमी देऊन बाईंनी सामान सोडवून नेलं. नेण्याआधी प्रत्येक फ्लास्क दिव्यासमोर धरून ओरखडे तपासले, आमच्या लेफ्टनंटसमोर! नातूरवर त्यांचा राग नव्हता. “त्यानं त्याचं काम केलं,” म्हणाल्या.

तोवर मी असंच धरून चालत होतो की प्रश्न विचारल्यावर जो गप्प बसतो, त्याच्या मनात पाप असतं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. पण काही माणसं राग चारचौघांत काढतात आणि माया मात्र चोरून करतात. त्या बाईंना तुरुंगाची भीती वाटली नव्हती. आपण सुनेसाठी एवढी खटपट करतोय, हे सुनेला कळेल, याचीच त्यांना लाज वाटत होती. त्यानंतर कुणी गप्प बसलं, की मी पुढचा प्रश्न विचारण्याआधी खोलीत आणखी कोण आहे ते बघायचो.