मागच्या सीटखालची तार

परवा दुकानात एक तार जळाली आणि त्या वासासरशी मल्लप्पा मिस्त्री आठवला. भवानी पेठेतल्या त्याच्या गॅरेजात मी वायरिंग शिकत होते. त्याच्या चुकीनं एका गाडीचा फ्युएल पंप जळाला, आणि त्यानं चारचौघांत माझं नाव घेऊन मला हाकललं.

पुढं मी स्वतःचं दुकान काढलं. एका उन्हाळ्यात तो गिऱ्हाइकाची बंद गाडी दोरीनं ओढत, टोचन करून माझ्याकडंच आला. दोन नवे पंप घालूनही ती सुरू होत नव्हती. मी मागची सीट उचलून तिच्याखालच्या पंपाच्या तारांना टेस्ट लॅम्प लावला. पंपापर्यंत करंट येत होता, पण अर्थिंगची तार गंजून तुटली होती. पाच मिनिटांत कळलं. तरी मी त्याला दुपारभर उन्हात बसवलं.

मग गिऱ्हाईक गाडी न्यायला आल्यावर त्याच्यासमोर लॅम्प मिस्त्रीच्याच हातात दिला. "मिस्त्री, काय बिघडलंय, तुमीच सांगा की."

त्यानं तार बघितली. "पंप चांगला हाय. माझंच चुकलं."

"आन् तवाचा पंप कुणी जाळला?"

तो मान खाली घालून म्हणाला, "मीच."

तेव्हा वाटलं, राग निवला. आता तो थकलाय. रस्त्यात भेटला की "बरी हाईस का बाई?" विचारतो. मला वाईट वाटायला हवं. पण ते "मीच" अजून एकदा ऐकावंसं वाटतं.