ओढलेला प्लग

माझी लेक सुनंदा चालू कॉम्प्युटरचा प्लग मुद्दाम ओढत होती. परत लावायची, परत ओढायची. मागे अशीच वीज गेली आणि माझ्या मेलेल्या बायकोचा यात रेकॉर्ड केलेला आवाज पुसला गेला होता. ती मसाला कसा करायचा ते सांगत होती. मध्येच मी दूधवाल्याला शिव्या घालतो आणि ती म्हणते, “अहो, तोंड आवरा.” वीज आली तेव्हा फाइलीचं नाव जागेवर होतं, आत काही नव्हतं.

“बाबा, चूक सापडली. पार मुळाशी, कर्नलमध्ये, म्हणजे सगळं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती,” सुनंदा म्हणाली. तिचं कामच ते. “आवाज डिस्कवर ठेवायच्या आधीच मशीन ‘ठेवला’ अशी नोंद करत होतं.”

“म्हणजे खोटं बोलत होतं, हरामखोर.”

“आता आधी ठेवेल, मग नोंद करेल.”

दवाखान्यातही तसंच झालं. बायको बरी व्हायच्या आधीच ‘बरी झाली’ म्हणून लिहिलं आणि घरी धाडलं. तिथं कोणाचं काही वाकडं करता आलं नाही मला. हे तरी हाताला लागलं होतं.

“सरक. मी ओढतो.”

“थांबा. आधी काहीतरी बोला, प्लग ओढल्यावर ते टिकतंय का बघू.”

मी बोललो. दवाखान्यापासून मशीनपर्यंत सगळ्यांना धरून बोललो आणि प्लग असा हिसडला की भिंतीचा पोपडा पडला.

मशीन परत सुरू झालं. माझी एकूण एक शिवी शाबूत होती. आम्ही दोघं ऐकत बसलो. शिव्या संपल्या, तरी तोंड आवरा म्हणून कोणी म्हणालं नाही.