चौथं वचन

शनिवार, संध्याकाळचे सहा. हजर: आजोबा, आजी आणि मी. त्यांचा मुलगा हजर, पण दाराबाहेर. मुलगी नागपूरला.

आजोबा चष्मा पुसत, शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, मांडीवर घेत आणि म्हणत, "पहिलं माझं." शास्त्रातल्या प्रत्येक वचनाला क्रमांक असतो. पूर्वी अख्खा अध्याय व्हायचा; आजारपणात दम पुरेना, म्हणून रोज पाचच वचनं. पहिलं ते वाचत, दुसरं आजी. तिसरं मुलीचं, ती लांब, म्हणून तेही आजोबाच वाचत. चौथं मुलाचं. तिथे ते थांबत, समासात पेन्सिलीने बारीकसं टिंब देत आणि माझ्याकडे बघत. "पाचवं तुमचं."

मी त्या घरात गेले ती एक कागद चिकटवायला. कोपरीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. आजोबांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणी कधी जायचं याचा तक्ता मी केला. मंगळवार माझा, गुरुवार तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा, शनिवार मुलाचा. तो टिटवाळ्याहून यायचा. तक्ता फ्रिजवर लावत होते आणि सहा वाजले.

"बसा," आजोबा म्हणाले.

"अहो, मी तुमच्यातली नाही."

"वाचता येतं ना?"

बसले. नेमका नावांचा अध्याय निघाला: अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा. माझ्या वाट्याची नावं मी एका दमात वाचली. आजोबा खूश. "आमचे चर्चचे पाळकसाहेबसुद्धा इथे अडखळतात. पण सेक्रेटरीबाईंना सभासदांच्या यादीची सवय!"

दुसऱ्या दिवशी सहाला मी पुन्हा गेले. चिकटवायला काही नव्हतं. माझ्या घरी त्या वेळी कुणी नसतं, एवढंच सांगते.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. चौथं वचन रिकामंच जातंय, मग वेळ कशाला घालवा, म्हणून मी तेही वाचून टाकलं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, दुसऱ्याच्या ताटातलं उचललंत."

"पण तो जेवतोय कुठे?"

"म्हणून ताट काढायचं?"

मग स्वयंपाकघरात आजीने मला सगळं सांगितलं. सून आजारी होती तेव्हा देवळातली, म्हणजे त्यांच्या चर्चमधली, सगळी मंडळी पाळीपाळीने प्रार्थनेला बसली होती. ती गेलीच. दफन करून आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, माझं नाव वाचनातून काढा." त्यानंतर त्याने शास्त्राला हात लावला नाही.

"आणि यांनी नाव काढलं नाही," आजी म्हणाली. "दोघंही हट्टी. मी मधल्यामधे चहा करते."

मुलगा वाईट नव्हता, हे नोंदवून ठेवते. एकही शनिवार त्याने चुकवला नाही. वडिलांना धरून जिना चढवायचा, औषधांचे डबे भरायचा, त्यांची नखंसुद्धा कापायचा. सहा वाजले की मात्र चपला घालून बाहेर पॅसेजमध्ये उभा राहायचा. मी एकदा त्याला हाक मारायला उठले, तर आजोबा म्हणाले, "बोलावू नका. तो काय पाहुणा आहे?"

डायलिसिसची सुई टोचण्याआधी आजोबा डोळे मिटून पुटपुटत, "प्रभो, या मुलीचा हात स्थिर ठेव." एकदा ती नर्स वैतागली. "आजोबा, तुम्ही असं म्हटलं ना, की माझा हात थरथरतो!"

"मग आधी सांगायचं नाही का? उद्यापासून मनात म्हणतो."

"उद्या नाही, परवा," मी म्हटलं. तक्ता माझा होता.

परतताना मी रिक्षात विचारलं, "बरं होण्यासाठी काही मागता की नाही?"

"रोज मागतो."

"आणि नाही दिलं तर?"

ते बाहेर बघत म्हणाले, "दिलं तरच बोलायचं, असं आमचं ठरलेलं नाही." मग हळूच म्हणाले, "हे मला पोराला सांगता आलं नाही."

शेवटच्या शनिवारी आजोबा पलंगावरून उठले नाहीत. आवाज गेला होता. आजीला डोळ्यांतल्या पाण्यामुळे अक्षरं दिसेनात. तिघांची तीन वचनं मीच वाचली. चौथ्यापाशी थांबले. पॅसेजमध्ये तो उभा होता. मला ते थांबणं असह्य झालं. वाचून मोकळं व्हावं म्हणून मी तोंड उघडलं, तर आजोबांनी एक बोट वर केलं.

तेवढ्यात बाहेर एक चप्पल काढल्याचा आवाज आला. एकच. आम्ही दुसरीची वाट पाहिली. मग तीच चप्पल पुन्हा पायात सरकली. "आई, निघतो. गाडी आहे."

मी पेन्सिल आणि पुस्तक पुढे केलं. आजोबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी टिंब दिलं नाही.

"अर्धा आला होता," ते म्हणाले. ओठांवरूनच कळलं. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे त्याला द्या. कपाटावर नाही, हातात. यादीत लिहा." आणि त्यांना झोप लागली. माझं पाचवं राहिलं.

बुधवारी आजोबा गेले. मुलगा आजीला टिटवाळ्याला घेऊन गेला. मी यादी केली: उरलेली औषधं परत करणे, पेपर बंद करणे, फ्रिजवरचा तक्ता काढणे, पुस्तक त्याच्या हातात देणे.

आठवड्याने तो चाव्या द्यायला माझ्या दारात आला. शनिवारच होता. मी पुस्तक पुढे केलं. त्याने हात मागे घेतले.

"राहू दे ताई, तुमच्याकडेच."

दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठवर आलं होतं?"

"तिसऱ्यापर्यंत," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि तो खाली गेला.

यादीतल्या तीन कामांवर खुणा झाल्या आहेत. पुस्तक माझ्या टेबलावर आहे, पेन्सिल त्याच पानात. सहाला मी ते उघडते आणि पुन्हा मिटते. पाचवं माझं आहे, पण आधी चौथं व्हायला हवं.