कंपनीचा खंड किती मण?

"लोक वीज वापरायची बंद करणार आहेत का?" हा प्रश्न महाडातले एक वकील आपल्या दिवाणखान्यात दर शनिवारी संध्याकाळी विचारीत. उत्तर अर्थातच "नाही" असे असे, आणि ते मिळाले की वीज कंपनीच्या शेअरची किंमत आपण सिद्ध केली असे त्यांना वाटे. लोक मीठ खायचेही बंद करणार नाहीत, म्हणून कोणी मिठाची गोणी वाटेल त्या भावाने विकत घेत नाही. हे त्या दिवाणखान्यात कोणाच्या मनात आले नाही. माझ्या मनात आले. पण मी तिथे दाराजवळच्या खुर्चीवर बसत असे, आणि तिथून बोलायची माझी छाती नव्हती.

मी तेव्हा महाडच्या हायस्कुलात गणित शिकवीत होतो. पुण्याला राहून शिकलो होतो, पदवी बऱ्यापैकी होती, आणि चार माणसांसमोर एक वाक्य पुरे करणे मला जमत नव्हते. वर्गात मी फळ्याशी बोले. आज हे लिहितानाही, आणि लिहायला मी पेन्शनीत गेल्यावरच लागलो, माझे तोंड वाचकाकडे आहे की फळ्याकडे याची मला खात्री नाही.

त्या दिवाणखान्यात मी जाऊ लागलो तो माझ्या आत्यामुळे. आत्या पोलादपूरची, विधवा, मूलबाळ नाही. तिची शेते कूळकायद्यात कुळांच्या नावावर झाली होती आणि त्यांचा मोबदला हप्त्याहप्त्याने येऊन साडेपाच हजारांच्या थोडा वर साठला होता. तिच्यापाशी दुसरे काही नव्हते. भावाच्या किंवा भाच्याच्या ताटातले खायचे नाही, एवढीच तिची अट होती, आणि ती पाळायची तर त्या पैशातून दर वर्षी काहीतरी यायला हवे होते. तिच्या जुन्या दाव्यांमुळे वकीलसाहेबांना हा आकडा ठाऊक होता. त्यांनी तिला आपले वीस शेअर देऊ केले. कंपनी दूरच्या एका शहराला वीज पुरवीत असे. शेअर मूळ शंभराचा, मागणी दोनशे ऐंशीची. वीस शेअरांचे पाच हजार सहाशे. आत्याच्या पैशाशी हा हिशेब असा नेमका जुळला होता की त्याला योगायोग म्हणायला वकीलसाहेबांइतकेच धैर्य हवे.

"मी विकतोय ते केवळ तुमच्यासाठी, बाई," ते म्हणाले. "दहा वर्षांमागं शेअरामागं नफा आठ रुपये होता. गेल्या वर्षी सोळा. दुप्पट! पुढच्या दहात बत्तीस. हे शेत आपोआप वाढतं, आणि त्यावर कूळही लागत नाही."

दिवाणखान्यात हशा झाला. आत्या हसली नाही. तिची शेते गेली होती.

मी धीर करून कंपनीचे जुने अहवाल पाहायला मागितले. वकीलसाहेबांनी कपाटाकडे बोट केले. "न्या की, मास्तर. परीक्षा घ्यायचीय का कंपनीची?" अहवाल दहा होते. त्यांपैकी सातांची टपालाची पट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. दहा वर्षे ज्या धंद्याचे भाष्यकार म्हणून हा गृहस्थ तालुक्यात मिरवत होता, त्या धंद्याचे बहुतेक कागद त्याने उघडलेही नव्हते. त्याला दोन आकडे माहीत होते, पहिला आणि शेवटचा, आणि तेही बहुधा कोणीतरी सांगितलेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोलादपूरला आत्याच्या ओटीवर मी त्या पट्ट्या फोडल्या आणि दर वर्षीचा शेअरामागचा नफा एका कागदावर उतरवला. आत्या समोर तांदूळ निवडीत होती.

"काय दिसतंय रे?"

"आठ, मग सात, मग पुन्हा आठ... मग हळूहळू चढत सोळा."

"म्हंजे वकील खोटं बोलत नाय."

"नाही. पण आठ रुपयांना त्या वर्षी काय मिळत होतं?"

आत्याने हातातले सूप खाली ठेवले. "त्या वर्षी म्हंजे तू मॅट्रिक झालास ते का पुलाचं काम निघालं ते?"

मी वर्ष सांगितले. "पुलाचं," ती म्हणाली. "तांदूळ सोळा रुपये मण. त्याच्या पुढच्या साली साडेसतरा. तेव्हा मी दोन मण विकला नि जावेच्या पोरीला लुगडं घेतलं." अशी ती एकेक वर्ष सांगत गेली. सरकारने तोवर किलो आणला होता. पण आत्याच्या डोक्यात मण आणि शेर होते, आणि प्रत्येक वर्षाला एखादे लग्न, मरण किंवा पूर बांधलेला होता. पुढे महाडच्या बाजारात एका धान्याच्या दुकानदाराच्या जुन्या वह्यांशी मी तिचे भाव ताडून पाहिले. दोन ठिकाणी चार-सहा आण्यांचा फरक निघाला, आणि त्यांतल्या एका ठिकाणी दुकानदाराचीच खाडाखोड होती.

मग मी प्रत्येक वर्षाचा नफा त्या त्या वर्षीच्या तांदळात मोजला. आठ रुपये, सोळा रुपये मण: अर्धा मण, म्हणजे वीस शेर. गेल्या वर्षीचे सोळा रुपये, बत्तीस रुपये मण: पुन्हा वीस शेर. दुप्पट झाले होते ते तांदळाचे भाव. मधली वर्षे तर याहून वाईट होती. विजेचा दर कंपनी आपल्या मर्जीने वाढवू शकत नसे. सरकारची मंजुरी लागे. कोळसा आणि मजुरी आधी महागत, दरवाढ मात्र दोन-तीन वर्षांनी मिळे, आणि तोवर नफा पंधरा शेर, चौदा शेर असा आटत जाई. गेल्या वर्षी नुकतीच दरवाढ मिळाली होती. वकीलसाहेब ज्याला नेहमीचे पीक म्हणत होते ते दरवाढीच्या पहिल्या वर्षाचे पीक होते. दहा वर्षांची सरासरी निघाली सतरा शेर. आजच्या भावाने तेरा रुपये साठ पैसे.

"शेत घेताना वर्षाच्या पिकाच्या किती पट धरतात?" मी विचारले.

"बरं पाणी असलं तर पंधरा. त्यावर देणारा येडा."

पंधरा पटीला शास्त्राचा आधार नव्हता. आमच्या खोऱ्यातल्या व्यवहाराचा होता. तेरा रुपये साठ पैशांची पंधरा पट म्हणजे दोनशे चार रुपये. वकीलसाहेब दोनशे ऐंशी मागत होते.

आत्याने हे सारे मला दोनदा सांगायला लावले. नफा म्हणजे सगळे पीक, डिव्हिडंड म्हणजे त्यातला, कूळ देई तसा, मालकाला पोचणारा खंड, आणि उरलेले कंपनी बियाण्याला ठेवते, हे तिला पहिल्याच वेळी समजले. दुसरी वेळ बहुधा माझ्यासाठी होती.

पुढच्या शनिवारी ती एस्टीने महाडला आली. दिवाणखान्यात चार-पाच मंडळी होती. त्यांत वकीलसाहेबांचे उजवे हात म्हणता येतील असे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. साहेब हसण्याआधी अर्धा क्षण ते हसत. आत्याने बसल्या बसल्या विचारले, "साहेब, या कंपनीचा खंड किती मण?"

"खंड?" वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बाई, त्याला डिव्हिडंड म्हणतात. कंपनी रुपये देते. तांदूळ नाही पिकवत."

"पुढच्या सभेत विचारा, साहेब," पोस्टमास्तर म्हणाले, "की पायली कुठल्या मापाची!"

खोली हसली. आत्या थांबली नाही. "तसं नाय. तुम्ही वाकण गावात शेत घेतलंत तेव्हा बारा वर्षांचं पीक विचारलंत. मीच सांगायला होते तिथं. एका साली सोळा आणे पिकलं म्हणून पैसे मोजले नायत. मग हितं एकाच सालाचं का सांगताय?"

यात सारे होते. त्या खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी शेत घेतले किंवा विकले होते, आणि एका वर्षाच्या पिकावर किंमत सांगणाऱ्याला त्यांतल्या कोणीही ओट्यावरून खाली उतरवले असते. बांधाची माती चिमटीत धरून पाहणारी ही माणसे इंग्रजी छापलेला कागद समोर आला की आपली अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर ठेवीत. त्यांना ते कळण्यासारखे नव्हते असे मी म्हणणार नाही. कळले असते, पण त्यासाठी विचारणारी बाई पोलादपूरची आहे आणि "नाय" म्हणते, हे त्यांना आधी विसरावे लागले असते.

"शेअरात गती पाहतात, बाई," वकीलसाहेब म्हणाले. "गती! काय मास्तर? तुम्ही गणिताचे. आठाचे सोळा, ही दुप्पट की नाही?"

सगळे माझ्याकडे वळले. कागद माझ्या खिशात होता. सतरा शेर, तेरा रुपये साठ, दोनशे चार. मी म्हणालो, "साहेबांचा अनुभव मोठा आहे."

पैसे गुरुवारी द्यायचे ठरले.

एस्टी स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली. आत्या पायरीवर चढता चढता वळली. "तुझं गणित खरं हाय का रे?"

"खरं आहे."

"मग त्या माणसाला सांग. माज्या तोंडानं सांगून ते हसले. तुज्या तोंडातनं निघत नसंल तर ते खोटंच म्हणायचं, नि गुरुवारी मी पैसे देते. मला काय कळतंय, मी तांदळात मोजणारी!"

गाडी गेली. तिने धमकी दिली असे मला तेव्हा वाटले. पण ती धमकी नव्हती. ज्याचा करणारा उभा राहत नाही अशा हिशेबावर तिला आपले म्हातारपण टाकायचे नव्हते, आणि त्यात तिचे चूक नव्हते.

मी रविवारभर बसून पत्र लिहिले. तोंडाने जमणार नाही हे मी जाणून होतो. दहा वर्षांचा तक्ता, तांदळाचे भाव, सरासरी, आणि शेवटी, "सबब दोनशे चार रुपयांहून अधिक किंमत देणे आत्यास परवडणारे नाही." सोमवारी शाळा सुटल्यावर ते घेऊन गेलो. पोस्टमास्तर तिथे होतेच. वकीलसाहेबांनी पत्र मोठ्याने वाचले. तक्ता त्यांनी ओलांडला. "अधिक" या शब्दातली माझी वेलांटी दीर्घ पडली होती. तिथे त्यांनी थांबून, टाक बुडवून, ती ऱ्हस्व केली, आणि पत्र मला परत दिले.

"ही तुमची चूक," ते म्हणाले. "बाकी तुमचं काय म्हणणं आहे?"

"आत्या पैसे देणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आत्याने पैसे दिले नाहीत. ते पोस्टात राहिले, तिथेही तांदळात मोजता घटत राहिले, आणि दोन वर्षांनी त्याच कंपनीचा शेअर उतरून एकशे नव्वदला आला तेव्हा मुंबईतल्या एका दलालामार्फत तिने वीस शेअर घेतले. कंपनी वाईट कधीच नव्हती. तो भाव वाईट होता.

पण त्या आठवड्यात आत्याला सांगायला गेलो तेव्हा मी आणखी एक बातमी दिली: ते वीस शेअर पोस्टमास्तर घेत आहेत, दोनशे ऐंशीलाच, निवृत्तीला मिळालेल्या पैशातून. बातमी मी काहीशा समाधानाने दिली असणार.

"त्यास्नी सांगितलंस?" आत्याने विचारले.

"काय?"

"सतरा शेर."

"ते हसले होते, आत्या."

"हसला म्हणून बुडवायचा? उद्या जा."

मी गेलो. पोस्टमास्तरांच्या घरी दुसरे कोणी नव्हते, म्हणून कदाचित, मी आयुष्यात पहिल्यांदा एक विषय सुरुवातीपासून शेवटापर्यंत न अडखळता मांडला. त्यांनी मध्ये एकदाही हसून दाखवले नाही. हसण्यासाठी साहेब नव्हते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर, तुमच्याजवळ स्वतःचे शेअर किती?"

"एकही नाही."

"हां," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, आणि तो येईपर्यंत आठाचे सोळा कसे होतात ते मला समजावून दिले.

पोलादपूरला आत्या वाट पाहत होती. "सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग?"

"चहा दिला."

ती इतकी हसली की तिला ओटीवर बसावे लागले.