पुनेश्वरने रिकामी केलेली टाकी

आमचापोरीच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणारा माणूस विजेचं बटण शोधत भिंत चाचपत राहतो. तळमजल्यावरची सगळी बटणं खांद्याच्याही वर आहेत. कपाटांना चाकं आहेत. सांडपाण्याच्या प्रत्येक नळाच्या तोंडावर रबराची झडप आहे, आतलं पाणी बाहेर जाऊ देणारी आणि बाहेरचं आत न घेणारी. हे सगळं कुणाचं डोकं, असं विचारलं की झाडूवाला जोगेन पंपघराकडे बोट दाखवतो. "आमचे पुनेश्वरदा. सुबनसिरी नदी वर चढण्याआधी त्यांची परवानगी घेते."

पुनेश्वर ताइद जन्मला तो नदीकाठच्या चांगघरात. मिसिंग लोकांचं घर जमिनीवर बसत नाही, बांबूच्या खांबांवर उभं राहतं. पाणी चढलं की घरातल्या बांबूच्या जमिनीच्या गाठी सोडायच्या, ती हातभर वर उचलायची आणि पुन्हा बांधायची. दहा वर्षांचा असल्यापासून तो बापाबरोबर अशी जमीन उचलत आला. खाली काही ठेवायचं नाही, भाताचा कणही नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या हातातच होतं.

दवाखान्यात तो आला तो बायकोला खांद्यावर घेऊन. बाळंतपणात रक्त थांबत नव्हतं. रेबती बायदेव, म्हणजे रेबतीताई, तेव्हा नव्या नर्स होत्या. त्यांनी चार तास एका हाताने बाईचं पोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं रक्त दिलं. बायको आणि मुलगा दोघं वाचले. तिसऱ्या दिवशी पुनेश्वर म्हणाला, "बायदेव, इथला पंप किती दिवस बंद आहे? मी बघू का?" पंप चालू झाला आणि तो दवाखान्याचाच झाला.

सहा वर्षांपूर्वीच्या पुरात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. सोनोग्राफीचं यंत्र, क्ष-किरणाचं यंत्र, औषधांचा फ्रीज, सगळं गाळात गेलं. पेशंट केळीच्या खुंटांच्या तराफ्यावरून बाहेर काढावे लागले. नंतर शहरातून आलेल्या इंजिनिअरने भोवती भिंत बांधायचा नकाशा काढला. पुनेश्वर दाराशी उभा होता.

"साहेब, पाणी आधी दारातून येतच नाही. ते संडासातून येतं," तो म्हणाला.

इंजिनिअर हसला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. त्याने खुर्ची ओढून दिली. पुढचे तीन महिने दोघं मिळून हिंडले. जुन्या पाण्याची खूण जिथे होती तिच्या हातभर वर बटणं गेली, यंत्रं पहिल्या मजल्यावर गेली आणि जनरेटर अंगणातल्या सात फूट उंच लोखंडी मांडवावर चढला. मांडवापासून पहिल्या मजल्यापर्यंत लोखंडी पूल टाकला. हजार लिटरची डिझेलची टाकी मात्र जड म्हणून खालीच राहिली, मांडवाच्या चार खांबांमध्ये, विटांवर.

यंदा आषाढाच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या खोलीत एकच बाळ होतं. रुनुमी पाइतची मुलगी, आठ आठवडे आधी आलेली, तेराशे ग्रॅमची. तिला ऊब देणारं यंत्र विजेवर, हवेतून प्राणवायू गाळून देणारं यंत्रही विजेवर. सिलिंडर घेऊन येणारी गाडी रस्ता तुटल्यामुळे पलीकडे अडकली होती. हाताशी एकच छोटा सिलिंडर होता, फार तर दोन तासांचा. गावची वीज दोन दिवसांपूर्वीच गेली होती. म्हणजे त्या मुलीचा श्वास जनरेटरवर चालला होता.

वरच्या अंगाला बांध फुटल्याची बातमी सकाळी नऊला आली. पुनेश्वरने शिट्टी वाजवली आणि सगळे कामाला लागले. कपाटं ढकलत वरच्या मजल्याला जाणाऱ्या उतारावरून नेली, दारांना फळ्या लावल्या, झडपा तपासल्या.

मग तो टाकीपाशी आला. टाकीत तीनशे लिटर डिझेल होतं. ते त्याने पंधरा डब्यांत काढलं आणि वॉर्डापासून लांब, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. जनरेटरच्या स्वतःच्या छोट्या टाकीत आता तिथूनच डबे आणून ओतायचे. टाकीचा खालचा नळ बंद केला, वरचं झाकण पान्याने आवळलं. पुराचा थेंबही आत जाऊ नये म्हणून.

"खाली आता काही नाही," तो बायदेवांना म्हणाला.

"तुझ्या चपला आहेत," बायदेव म्हणाल्या. "त्या घाल आणि चहा पी."

साडेबाराच्या सुमारास अंगणात पाणी आलं. तळमजल्याच्या फळ्यांपाशी ते थांबलं, संडासातून वर आलं नाही. जोगेन जिन्यात बसून टाळ्या वाजवत होता. पुनेश्वरला मनातून फार बरं वाटलं. पाणी मांडीपर्यंत चढलं, मग कमरेपर्यंत.

आणि मांडवाखालून दणका ऐकू आला.

दिवे लुकलुकले. दुसरा दणका. पुनेश्वर पुलावर धावला आणि खाली वाकून बघतच राहिला. टाकी तरंगत होती. तिची नळी तुटली होती, आणि प्रवाह तिला उचलून एका खांबावर आपटत होता, मागे ओढत होता, पुन्हा आपटत होता. त्या खांबाच्या बुडाचे दोन बोल्ट उखडले होते. वर जनरेटर हादरत होता.

त्याला क्षणात कळलं. भरलेली टाकी जागची हलली नसती. हजार लिटरची बंद, रिकामी टाकी म्हणजे होडीच. ती होडी त्याने स्वतःच्या हातांनी बनवली होती.

"दोर टाकून बाहेर ओढू या, दादा!" जोगेन ओरडला.

"ओढली तर जाताना आणखी एक खांब घेऊन जाईल. तिला बुडवायला हवी."

"लोखंडी टाकी बुडवणार? कशी?"

"पाणी पाजून. खालचा नळ उघडायचा आणि वरचं झाकण. पाणी खालून शिरेल, हवा वरून जाईल."

त्याने कमरेला दोर बांधला. दुसरं टोक जोगेनने धरलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ते हिसकावलं. रुनुमीची सासू होती. साठीची बाई, जन्मभर होडी वल्हवलेली, मनगटं वेतासारखी.

"आइता, तुम्ही आत जा," जोगेन आजीला म्हणाला.

"तू सोडशील. तुझ्या हाताला झाडूची सवय. माझी नात वर आहे, मी नाही सोडणार."

"मग दोघं धरू."

"धर. पण माझ्या मागे."

पुनेश्वर उतरला. पाणी छातीला लागत होतं, थंड आणि वाळूने जड. टाकी त्याच्या बरगड्यांवर आदळली, त्याचा श्वास गेला. त्याने तिला उधळलेल्या बैलाला धरावं तशी मिठी मारली आणि खांब व टाकी यांच्यामध्ये स्वतःची पाठ घातली. आता दणके त्याला बसत होते. पान्याने झाकण सैल केलं. तेच झाकण, जे सकाळी एवढ्या निगुतीने आवळलं होतं. मग डोकं पाण्याखाली घालून नळ चाचपला. गाळात काही दिसत नव्हतं. पहिल्या खेपेला हात लागला तो तुटलेल्या नळीला. दुसऱ्या खेपेला नळ सापडला, पण फिरेना. तिसऱ्या खेपेला फिरला.

झाकणातून हवा फुसफुसू लागली. टाकी जड होऊ लागली, हळूहळू, अर्ध्यापर्यंत, मग गळ्यापर्यंत. सात-आठ मिनिटं लागली असतील. शेवटी तिने दोन मोठे बुडबुडे सोडले आणि ती तळाशी बसली. वर जनरेटर धडधडतच होता.

दोघांनी त्याला ओढून पुलावर घेतलं. पाठ सोललेली होती.

"चूक माझी," तो बायदेवांना म्हणाला. त्याला आधी तेच बोलायचं होतं. "टाकी मीच रिकामी केली. काही झालं असतं तर..."

"शर्ट काढ," बायदेव म्हणाल्या. औषध लावताना त्यांनी एवढंच विचारलं, "ते बोल्ट किती वेळ टिकतील?"

"दोन शाबूत आहेत. वर दोर आवळतो. टिकतील."

टिकले. पाणी तीन दिवसांनी ओसरलं, पाचव्या दिवशी सिलिंडर आले. मांडवाच्या खांबांना काँक्रीटची बैठक मिळाली आणि टाकीला जमिनीत रुतलेले चार लोखंडी पट्टे. तिच्या पोटावर पुनेश्वरने पांढऱ्या रंगाने लिहिलं: पूर येण्याआधी भरा. डिझेल नसेल तर पाण्याने. आजूबाजूच्या दवाखान्यांतली माणसं बघायला येतात तेव्हा तो आधी आपली चूक सांगतो, मग पट्टे दाखवतो. जोगेन म्हणतो, "दादा, उलट सांगा ना, रुबाब राहील." पुनेश्वर ऐकत नाही. चूक ऐकली की माणसं पट्टे नीट बघतात, असं त्याचं म्हणणं.

पाणी ओसरल्यावर आइता गामोसा, म्हणजे मानाचं लाल काठाचं उपरणं, घेऊन आली होती. तिने तो त्याच्या गळ्यात घालायला हात वर केले, तर तो मागे सरला.

"आइता, मी घेण्यासारखं काही केलं नाही. ती टाकी..."

"ऐकलं मी. सगळ्या गावाला सांगत सुटलायस," आइता म्हणाली. "अरे, माझ्या घरातली टाकी असती तर मीही रिकामीच केली असती. माझ्या सासूनेही केली असती. खाली काही ठेवायचं नाही, हे आपल्यात कोण विसरतं? तू पाण्यात उतरलास, मी त्याचं देतेय. वाक जरा, माझा हात पोचत नाही."

तो वाकला.

पुरानंतर बाविसाव्या दिवशी मुलीचं वजन सतराशे ग्रॅम भरलं. डॉक्टर म्हणाले, आता प्राणवायू काढून बघू. बायदेवांनी पुनेश्वरला पंपघरातून बोलावून घेतलं. यंत्र बंद करायला इंजिनिअर लागत नाही, कुणीही बटण दाबू शकतं, पण त्यांनी त्यालाच बोलावलं. रुनुमी मुलीला छातीशी घेऊन बसली होती. पुनेश्वरने हात पुसले आणि बटण दाबलं. इतके दिवस चाललेली घरघर थांबली. खोली इतकी शांत झाली की त्याला स्वतःच्या चपलांच्या आवाजाचाही संकोच वाटला. मुलीचं इवलंसं पोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. बायदेव घड्याळ बघत श्वास मोजत होत्या. पुनेश्वरही ओठांतल्या ओठांत मोजू लागला.