अर्नाळ्यासमोर तीनदा चमकलं

उडत्या तबकड्या वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. मी विमान चालवते. यंत्र दाखवेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय...

मी को-पायलट. माहेर अर्नाळ्याचं, बाबा मासेमारी करतात. मुंबईत उतरताना कधी कधी आमची वाट अर्नाळ्यावरून जाते. होडी किनाऱ्याजवळ असली की बाबा मोबाईलवर माझं विमान शोधतात आणि आरसा तीनदा चमकवतात. त्यांच्या लहानपणी होड्या एकमेकींना अशीच खूण करायच्या म्हणे. पायलटच्या डोळ्यावर असा उजेड पाडू नये, हे कितीदा सांगितलं. पण ऐकतील तर ते बाबा कसले!

गेल्या हिवाळ्यातली सकाळ, लख्ख ऊन. खाली तीनदा चमकलं. "बाबांचा आरसा," मी कॅप्टनना हसत सांगितलं. मग शेजारीच चौथ्यांदा... आणि ते चमकणारं वर येऊ लागलं. बघता बघता आमच्या समोर — राखाडी, अंड्यासारखं, पंख नाहीत, खिडकी नाही. स्क्रीनवर काहीच नाही. क्षणभर आमच्या पुढे पुढे चाललं आणि सरळ वर निघून गेलं.

"सर, रिपोर्ट करायला हवा."

"तुझ्या बाबांचा आरसा होता तो," कॅप्टन म्हणाले. नजर अजून वर आकाशातच होती. "रिपोर्ट केलास तर पोलीस त्यांच्या दारात येतील. तुझं कॅप्टन होणंही राहील."

मी रिपोर्ट केला नाही. घरी जाऊन बाबांवर मात्र डाफरले.

"मी तीनदाच दाखवला गो," बाबा म्हणाले. "मंग पान्यातून कायतरी वर गेलं, तुज्या विमानाकडं. मी डोले मिटले. वाटलं, माजी पोर गेली."

त्यांनी आरसा माझ्या हातात कोंबला. "तुज्याकडंच ठेव. मीच बोलावलं त्याला."

परवा पुन्हा तीच वाट, तेच कॅप्टन. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी पडून आहेत. अर्नाळ्यासमोर तीनदा चमकलं.

"तुझे बाबा," कॅप्टन म्हणाले.

मी बॅगेतून आरसा काढून दाखवला.

उतरल्यावर मी दोन्ही वेळचा रिपोर्ट लिहिला. माझं काय व्हायचं ते होवो. कॅप्टननी न मागता खाली सही केली. ते काय होतं, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. बाबांची खूण मात्र ते शिकलंय.