मोटारीखालचं सारवण

सात दिवस मी रोज सकाळी मोटारीच्या पोटाखाली सरपटत जाऊन शेणानं सारवत होते, आणि त्या सात दिवसांत आमच्या मामंजींची मोटार मी जवळजवळ ठार मारली. हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढं सगळा दोष मिस्त्रीवर ढकलायचा मोह मला होईल, आणि अर्धा दोष त्याचा आहेही.

वय माझं सतरा. शहाणपण असं काठोकाठ भरलेलं की चालताना सांडायचं. लग्नाला सहा महिने झालेले, नवरा पलटणीत, आणि सासरी माझ्या नावावर एकच कर्तृत्व जमा होतं: सारवण. माझा हात गुळगुळीत होता. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, शेजारणींना म्हणायच्या, "आमच्या सुनेला भाकरी जमत न्हाई, पर जिमीन आरशावानी करती." यातला पहिला भाग मी ऐकायचेच नाही.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाच्या रानातलं. जिल्हा सातारा, पण चार कोसांवरची सांगली संस्थानातली. मामंजी सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. लष्करानं मोडीत काढलेली एक मोटार त्यांनी लिलावात धरली आणि बैलांच्या गोठ्याशेजारी तिला छप्पर घातलं. मामंजींना घोडा येत होता, बंदूक येत होती. मोटार चालवता येत नव्हती. त्यासाठी ड्रायव्हर ठेवला होता. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला चाळिशीचा माणूस. लढाईत वाळूच्या रानात लॉऱ्या हाकून आलेला. बोलणं मोजकं. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला वैनी.

इंजिनात खडखड ऐकू येते म्हणून गाडी सांगलीला एका मिस्त्रीकडं टाकली होती. चार दिवसांनी ती आली, खडखड गेली, मामंजी खूश. दादानं गाडी छपरात लावली, किल्ली मामंजींच्या हातात दिली आणि आजारी आईला बघायला तो आठवडाभरासाठी आपल्या गावी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारवायला गेले तर गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग.

आता माझी अक्कल बघा. मी विचार केला, बैल बांधला की खाली ओलं होतंच. मोटार तरी काय, उभी राहिली की काहीतरी सोडत असणार. विचारायचं कुणाला? नव्या सुनेनं सुभेदारांसमोर जाऊन म्हणायचं, मामंजी, गाडी मुतते का हो? शिवाय महिन्यापूर्वी माझ्या हातून रेशनचं रॉकेल सांडलं होतं, आणि आत्याबाई ते दिवसातून दोनदा आठवत होत्या. काळा डाग दिसला असता तर तोही माझ्याच नावावर चढला असता. मी पदर खोचला, पालथी पडले आणि डाग सारवून टाकला.

तेलावर शेण धरत नाही. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा वर. मग मी शेणात माती कालवून थर जाड दिला. तिसऱ्या दिवशी आणखी जाड. रोज तो वर यायचा, रोज मी त्याला गाडायचे. सातव्या दिवशी गाडीखालची जागा बाकीच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच झाली होती, डाग वर यायचाही थांबला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

आठव्या दिवशी सकाळी दादा परतला. त्याच दिवशी साताऱ्यापलीकडं, मेढ्याकडं दिलेल्या नणंदेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. तिला सातवा संपत आला होता. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी निघाले होते, ओटीची टोपली घेऊन.

दादाची एक सवय होती. गाडीला हात लावायच्या आधी तो खाली वाकून जमीन बघायचा. मग बॉनेट उघडून तेल किती आहे ते बघायची सळई काढायचा. त्या दिवशी तो वाकला, हसला आणि म्हणाला, "वैनी, लय झ्याक सारवलंय. जेवाय बसावं आसं."

मी पदराआड लाजले. मूर्ख कुठली!

त्यानं बॉनेटला हात घातला तोच मामंजी ओरडले, "आता काय बघतोस रं? आठ दिवसांमागं तर दुरुस्त करून आणली. उन्हाच्या आत सातारा गाठायचाय. चल!"

दादानं पुन्हा एकदा त्या लख्ख जमिनीकडं बघितलं. "बरं साब," म्हणाला आणि चाकावर बसला.

अडीच कोस गेलो असू. इंजिनात कुणीतरी खलबत्ता कुटतंय असा आवाज यायला लागला. दादा म्हणाला, "साब, थांबवतो." मामंजी म्हणाले, "एवढा चढ संपू दे." चढ संपलाच नाही. धूर आला, जळका वास आला, एक हिसका बसला, माझ्या टोपलीतला नारळ पुढं जाऊन मामंजींच्या पाठीवर आपटला, आणि गाडी मेली.

दादानं सळई ओढून बघितली. कोरडी ठणठणीत. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एक बोल्ट होता आणि बोल्टाला काळी चिकट सुतळी.

"इंजिनातलं त्याल सोडायचा बोल्ट हाय साब. ह्येला तांब्याची चकती लागती. चकती न्हाईच. सुतळी गुंडाळून कोंबलाय. समदं त्याल गळून गेलं. इंजान धरलं, जाम झालं."

मी हळूच विचारलं, "दादा, ते तेल काळं असतं का?"

"व्हय वैनी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय केलं? नारळ उचलून टोपलीत नीट ठेवला.

गाडीला बैल जुंपून घरी आणलं. वेशीत एकजण म्हणालाच, "सुभेदार, पेट्रोल परवडंना व्हय? वैरणीवर आणली काय?" मामंजींनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी तसेच बैल लावून ते आणि दादा गाडी घेऊन सांगलीला गेले. नणंद तिकडं वाट बघत राहिली होती. तिला निरोप धाडला.

तिसऱ्या प्रहरी दोघं परतले, गाडी मिस्त्रीकडं टाकून. मामंजी सोप्यात बसले, दादा समोर उभा. मी माजघराच्या दाराआड.

"मिस्त्री काय म्हणाला ते तू ऐकलंस," मामंजी म्हणाले. "त्यानं चकती घालून बोल्ट आवळला होता. मागनं तूच खोललास, तेल काढून विकलंस आणि सुतळी कोंबलीस."

"मी त्याल इकलं न्हाई साब."

"तो म्हणतो, माझ्याकडनं गळत असतं तर तुमच्या छपरात डाग पडला असता. डाग दाखवा, इंजिन पदरचं घालून करून देतो. मी काय दाखवू त्याला? कुठं आहे डाग?"

"डाग न्हाई साब. मी सवता बगितलं."

"मग तेल गेलं कुठं?"

"ठावं न्हाई."

मामंजी म्हणाले, "वाळवंटात पाण्याच्या टाकीवर तुला एकट्याला विश्वासानं पहाऱ्यावर ठेवत होते म्हणून मी तुला ठेवला. किल्ली खाली ठेव. उद्या सकाळी दिसू नकोस."

किल्ली फरशीवर वाजली.

मी परसात आत्याबाईंकडं धावले आणि सगळं सांगितलं. त्यांनी सुपातली डाळ पाखडणं थांबवलं नाही. "गप बस," म्हणाल्या. "डायव्हर दुसरा मिळंल. सुभेदारांच्या नजरंतनं उतरलीस तर दुसरा सासरा कुठनं आणशील?"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मोठ्या माणसानं सांगितलं होतं ना गप बस म्हणून! मी लसूण सोलायला बसले. आत्याबाई मळ्यात गेल्या. मी इतका लसूण सोलला की चार दिवस पुरावा.

तेवढ्यात दाराशी हाक आली. "वैनी, तांब्याभर पानी द्या. निगतो."

सकाळपर्यंतही तो थांबणार नव्हता. खांद्यावर घोंगडीची गाठ, हातात लष्करातली पत्र्याची पेटी. मी तांब्या त्याच्या हातात दिला, भिंतीत खोचलेलं खुरपं काढलं आणि छपराकडं पळाले. सात दिवसांचं माझं कर्तृत्व मी कडेनं खरवडलं, खाली खुरपं घातलं, आणि जाड थालीपिठासारखी एक ढलपी अख्खी वर आली. खालची बाजू काळीकुट्ट. ती सुपात घालून मी सोप्यात गेले.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी पदर नाकापर्यंत ओढला, सूप खाली ठेवलं आणि खांबाला म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना सांगा, तेल इथं आहे."

"तुझी आत्याबाई मळ्यात आहे," मामंजी म्हणाले. "खांबाशी काय बोलतेस? माझ्याशी बोल."

बोलले. रॉकेलपासून सगळं. बैलाचंही सांगितलं, तेवढा तो एक शब्द गाळला. मामंजींनी ढलपी उचलून मधोमध मोडली. शेण, काळं, शेण, काळं. थर बोटानं दाखवता येत होते. त्यांनी वास घेतला.

"रोज?"

"रोज. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दादा गावाला होते."

"विकलेलं तेल जमिनीत मुरत नाही," मामंजी आपल्याशीच म्हणाले. ते उठले. मला वाटलं, आता माझ्या माहेरी निरोप जातो. ते दाराशी गेले, दादाच्या खांद्यावरची घोंगडीची गाठ स्वतः उतरवून घेतली आणि आत आणून खुंटीला लावली. दादा दाराशी तसाच उभा. हातातला तांब्या अजून भरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बैलगाडीनं सांगलीला गेलो. उरलेली ढलपी पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर, साक्षीदार म्हणून. मिस्त्रीचं पत्र्याचं शेड हळदीच्या पेठेमागं. बाहेर एक व्यापारी आपली मोटार न्यायला आला होता.

मिस्त्री पोतं बघून हसला. "काय सुभेदार, गवऱ्या इकायला आलासा?"

मामंजींनी ढलपी त्याच्या पाटावर ठेवून मोडली. मिस्त्री वाकून बघू लागला, तसं त्याचं हसू कमी झालं. पण माणूस पक्का. "चुलीची काजळी मिसळली आसंल. बायकांच्या शेणावर मी इंजान करून देऊ व्हय?"

मला वाटलं, आता दादा चोर तो चोरच राहणार, आणि मी शेणवाली सून म्हणून दोन्ही गावांत गाजणार.

दादा मात्र आमच्याकडं बघतच नव्हता. तो सवयीनं वाकला होता, त्या व्यापाऱ्याच्या मोटारीखाली. शेडातली जमीन कुणी सारवलेली नव्हती. "मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला, "ही गाडी कवा झाली?"

"काल. का?"

"खाली थेंब हाय. आन् सुतळीचं टोक लोंबतंय."

व्यापारी स्वच्छ धोतर सावरत गुडघ्यावर बसला, खाली बघितलं आणि असा ओरडला की पेठेतले हमाल गोळा झाले. "अरं मिस्त्री, ही माझी गाडी हाय! उद्या म्हातारीला घेऊन वाईच्या घाटावर निघालोय मी!"

मिस्त्री तिथंच उकिडवा बसला. "लढाईपास्नं चकत्या मिळंनात," तो पुटपुटला. "सुतळीनं भागतंय कवा कवा."

"तसं सांगायचं होतं," मामंजी म्हणाले. "आणि ह्याला चोर म्हणायचं नव्हतं." मग थोडं थांबून, दादाकडं न बघता, "मीही म्हणायला नको होतं."

इंजिन मिस्त्रीनं पदरचं घालून केलं, दीड महिना लावून. गाडी चालली, पण पहिल्यासारखी कधी नाही. नणंदेला मामंजींनी बैलगाडीनं आणि पुढं प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आणलं. तिला मुलगी झाली, सुखरूप.

त्या दिवशी सांगलीहून परतताना मामंजी ओळखीच्या माणसाशी बोलायला नदीवर उतरले, आणि दादा बैलांना पाणी दाखवत उभा राहिला. मी धीर करून म्हटलं, "दादा, चुकलं माझं."

त्यानं बैलांची तोंडं पाण्यातून वर येऊ दिली, कासरा हाताला गुंडाळला, आणि म्हणाला:

"सारवलंसा त्येचं काय न्हाई वैनी, न कळता केलंसा. पर साब मला चोर म्हनत व्हते तवा तुमी दाराआड हुतासा. पाय दिसत व्हते मला. वाईच लवकर आला असतासा तर बरं झालं असतं."